विचारा की ताईंना! : देवाने मुलगा पाठवला, की तो स्वतःच आला?

सलाम आणि नमस्कार. दरवर्षी डिसेंबरात माझं असंच होतं बघा, अकरा महिने तुम्ही लोक मला सासूचे, जमिनीच्या वाटणीचे, पोरांच्या मोबाइलचे प्रश्न विचारता आणि नाताळ तोंडावर आला की एकदम देवाचेच विचारायला लागता, ते पण असले की पाळकसाहेबांना घाम फुटावा. मी काही धर्मशास्त्र शिकलेली बाई नाही हं. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं चर्चच्या एकाच बाकावर बसत आले, एवढंच माझं भांडवल. यावेळी सहा पत्रं घेतलीयेत, बाकीचे (विशेषतः ते बांधाच्या भांडणावाले काका) जानेवारीत.

“ताई, मी बारावीत आहे. योहान ३:१६ मला पाच वर्षांची असल्यापासून पाठ आहे, ‘देवाने जगावर एवढी प्रीती केली की त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला’. पण यात प्रेम कुठेय? माझ्या पप्पांनी मला असं दुसऱ्या कोणासाठी देऊन टाकलं तर मी त्यांना प्रेमळ म्हणणार नाही, पोलिसात जाईन. मम्मीला विचारलं तर म्हणाली असले प्रश्न विचारायचे नसतात.” – पुणे

अगं, मम्मीला सांग, असले प्रश्न विचारायचेच असतात, या एका प्रश्नावरून माणसं देशोधडीला लागलीयेत. इ. स. ३२५ साली, म्हणजे आता सतराशे वर्षं झाली, आजच्या तुर्कस्तानातल्या निकिया गावात सम्राट कॉन्स्टंटाईनने सगळीकडचे बिशप गोळा केले होते, आणि भांडण काय होतं माहितीये? अलेक्झांड्रियाचा एक पाद्री होता, एरियस नावाचा. त्याचं म्हणणं, पुत्र हा देवाने निर्माण केलेला आहे, सगळ्यांत मोठा, सगळ्यांत आधीचा, पण शेवटी निर्माण केलेलाच, म्हणजे देव नाही. ऐकायला सोपं वाटतं. आता तूच विचार कर, एरियसचं खरं धरलं तर काय होतं? देव स्वतः वर सुखरूप बसला आणि दुसऱ्या कोणाला तरी खाली मरायला पाठवलं. मग तुझा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे, पोलिसात जाच.

निकियाच्या सभेने म्हटलं, नाही, पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, देवापासून देव. शाळेत असताना मला हे शब्द म्हणजे निव्वळ घोकंपट्टी वाटायचे, दर रविवारी सगळ्यांबरोबर तोंड हलवायचं एवढंच. फार उशिरा डोक्यात उजेड पडला की अरे, ही सगळी मारामारी प्रेमासाठीच चालली होती की! कारण पुत्र जर देवच असेल तर देवाने दुसऱ्या कोणाला दिलं नाही, तो स्वतःच आला. अथनेशियस म्हणून एक जण या सभेला नुसता डीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा सेवक, म्हणून गेला होता, पुढे बिशप झाला आणि हीच गोष्ट सोडायला तयार नाही म्हणून पाच वेळा त्याला हद्दपार व्हावं लागलं. पाच वेळा! आपल्याकडे चर्चच्या कमिटीत एकदा मत पडलं नाही तर माणसं दोन वर्षं उपासनेला येत नाहीत.

आणि ‘दिला’ या शब्दाने घोटाळा होतो हे मान्य, जणू मुलाला कोणी विचारलंच नाही. पण याच योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, दहाव्या अध्यायात येशू आपल्या जिवाबद्दल म्हणतो, कोणी तो माझ्यापासून घेत नाही, मी होऊनच तो देतो. म्हणजे देणारा आणि दिला जाणारा यांच्यात ओढाताण नाहीये.

एक घरची गोष्ट सांगते, अगदी चपखल बसेल असं नाही. मी सातवीत बोर्डिंगमध्ये होते, घर नेवाशाकडच्या खेड्यात, वडील तिथल्या शाळेत मास्तर. महिन्याला माझे पैसे आणि खाऊ कोणाच्या तरी हाती यायचा, कधी एसटीचा कंडक्टर, कधी बाजाराला आलेलं कोणी. त्या डिसेंबरात मला टायफॉईड झाला. निरोप गेला, मला वाटलं आता पैसे येतील, फार तर मामा येईल. तर तिसऱ्या दिवशी खिडकीतून बघते तो वडीलच, रजा टाकून, हातात पिशवी. मुलींच्या खोलीत पुरुषांना बंदी, म्हणून ते बाहेर लिंबाखाली बसायचे आणि मी खिडकीतून बघायचे, सहा दिवस, रात्री तिथेच घोंगडी टाकून. औषध डॉक्टरांचंच होतं, त्यांच्या येण्याने ताप एक डिग्रीनेही उतरला नाही हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्याआधी मी फार घाबरले होते आणि ते आल्यावर घाबरले नव्हते, एवढंच. पैसे पाठवणारा बाप आणि लिंबाखाली बसलेला बाप यातला फरक मला अजून नीट शब्दात मांडता येत नाही, पण मत्तयाने त्याच्या शुभवर्तमानात येशूला ‘इम्मानुएल’ म्हटलंय ना, आम्हांबरोबर देव, ते वाचलं की मला तो लिंबच दिसतो.

अजून एक, आपल्या पवित्र शास्त्रात ‘प्रेम’पेक्षा ‘प्रीती’ शब्द जास्त येतो आणि तुझ्या वयाच्या मुलींना तो सिनेमातला वाटतो, मला माहितीये, आम्ही पण हसायचो. तो शब्द घे पण त्याच्याआधीचा ‘जगावर’ सोडू नकोस. चर्चवर केली असं नाही लिहिलेलं, चांगल्या माणसांवर नाही. योहान जेव्हा ‘जग’ म्हणतो तेव्हा ते त्याला न ओळखणारं जग असतं, पहिल्याच अध्यायात लिहिलंय, तो स्वकीयांकडे आला आणि स्वकीयांनी त्याला घेतलं नाही. कोणी बोलावलं नव्हतं, तरी आला. वधस्तंभाचं विचारशील तर तो वेगळा आणि मोठा विषय, उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आधी लिही मला.

“नमस्कार ताई. आम्ही माळकरी. तुमचं मासिक शेजारी येतं, त्यांच्याकडून वाचतो. गीतेत भगवंत म्हणतात संभवामि युगे युगे. आमच्याकडे देव दहादा आला, तुमच्याकडे एकदा. म्हणजे फरक आकड्याचाच ना? राग नसावा.” – बार्शी

राग कसला काका, उलट शेजाऱ्यांकडून मासिक वाचता म्हणजे शेजार चांगला आहे. आणि तुमच्याशी वाद घालायला मला जीभ उचलणार नाही, कारण आमच्या मराठी मंडळ्यांत जी भजनं आम्ही गातो त्यातली कितीतरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची, आणि टिळक तर म्हणायचेच की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला पण अभंग काही सुटला नाही, ख्रिस्ताला ते माउली म्हणतात, गुरुमाउली. हा शब्द त्यांनी कुठून आणला हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याच्याही आधी, १६१६ साली, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने सगळी येशूची कथा मराठी ओव्यांत छापून आणली, क्रिस्तपुराण, दहा हजारांच्या वर ओव्या, आणि गंमत म्हणजे त्यातही पाद्री सांगतोय आणि लोक मधेच शंका विचारतायत असं आहे. म्हणजे माझ्या या सदराला चारशे वर्षांची परंपरा आहे, संपादकांनी मानधन देताना लक्षात ठेवावं.

तर आकड्याचं. मला वाटतं फरक आकड्याचा नाही. तुम्ही म्हणता त्या श्लोकात पुढे आहे, साधूंचं रक्षण आणि दुष्टांचा नाश, त्यासाठी मी येतो. सरळ न्याय आहे, कोणालाही पटेल. ख्रिस्ती माणसाचा नाताळ जरा अडचणीचा आहे, कारण त्यात देव येतो तोच मुळी त्या दुष्टांसाठी. मार्काच्या शुभवर्तमानात येशू साफ म्हणतो, मी नीतिमानांना नाही, पापी लोकांना बोलवायला आलोय. आणि हे ऐकून त्या काळच्या साधूंना राग आला होता, आजही येतो, मला स्वतःला येतो, माझ्या ओळखीतली दोन माणसं आहेत ज्यांच्यासाठी देवाने येऊ नये असं मला मनापासून वाटतं, नावं सांगत नाही.

दुसरं म्हणजे देहाचं. लूक लिहितो मरीयेने बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. बाळंतं! मराठी भाषांतरकाराने काय शब्द टाकलाय बघा, ज्या बाईने बाळंतपणं काढलीत तिला त्या शब्दाचा वास येतो. म्हणजे ज्याने जग केलं म्हणता त्याची बाळंती कोणीतरी धुवून वाळत घालत होतं. आणि हा देह म्हणजे वेश नव्हता, काम झालं की उतरवला असा. पुढे ४५१ साली खल्कदोन इथल्या सभेने हेच पक्कं केलं, पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, अर्धा अर्धा नाही. विहिरीवर येशू दमून बसतो, परक्या जमातीतल्या शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. मित्र मेला तर रडतो, आणि आम्ही मानतो की पुनरुत्थानानंतरही तो देह त्याने टाकला नाही, हातावरचे खिळ्यांचे वण तसेच.

पण काका, एक कबूल करते. विठोबा जनाबाईबरोबर जात्यावर बसला, तिचं दळण दळलं, ही गोष्ट माझी आजी पण सांगायची, ख्रिस्ती झाल्यावर सुद्धा, आणि सांगून झाली की म्हणायची, बघ, लोकांना कधीपासून ठाऊक होतं देवाने काय करायला पाहिजे ते. यावर धर्मशास्त्रात काय म्हणतील मला माहीत नाही. मला आजीचं बरोबर वाटतं.

“सलाम ताई. आमचा तरुण संघ दर नाताळला ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) जाऊन ब्लँकेट वाटतो. यंदा वाद झालाय. काही म्हणतात फोटो काढायचे नाहीत, काही म्हणतात फोटो टाकले नाहीत तर पुढच्या वर्षी देणगी कोण देणार. देवाची प्रीती दाखवायची बरोबर पद्धत कोणती?” – श्रीरामपूर तालुका

आधी हे सांगा, गव्हाण म्हटलं की तुमच्या संघातल्या पोरांच्या डोळ्यापुढे काय येतं? आपल्या भागात दोनच गव्हाणी, एक गोठ्यातली, जिच्यात वैरण टाकतात आणि दुसरी साखर कारखान्याची, जिच्यात मोळी टाकून गळीत हंगाम सुरू होतो आणि पुढारी फोटो काढतात. येशू पहिलीतला. आणि तुम्ही ज्यांच्याकडे जाताय ते लोक दुसरी भरायला आलेले.

चर्चमधल्या नाटकात आपण दरवर्षी एक खडूस धर्मशाळावाला दाखवतो, जागा नाही जा म्हणणारा (आमच्याकडे हा रोल मिळवायला मारामारी असते). पवित्र शास्त्रात शब्द ‘उतारशाळा’ आहे, पण लूकने मूळ ग्रीकमध्ये लिहिलंय ‘कातालुमा’, आणि हाच शब्द त्याने शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठीही वापरलाय, तर पैसे घेऊन उतरवून घेणाऱ्या खऱ्या उतारशाळेला, येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत, त्याने वेगळाच शब्द घातलाय. म्हणून बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं की ही घरातली पाहुण्यांची खोली असणार, ती भरलेली होती म्हणून जिथे जनावरं बांधतात त्या खालच्या भागात त्यांना जागा मिळाली. मला हे जास्त पटतं. आपल्या जुन्या घरांत पण तसंच होतं ना, एका आढ्याखाली माणसं आणि बैल, मधे फक्त उंबऱ्याएवढी उंची. म्हणजे देव गावाबाहेर कुठे एकटा पडलेला नव्हता, गर्दीत होता, घरात, जिथे रात्री बैल रवंथ करतोय आणि कोणाचं तरी बाळ रडतंय म्हणून बाकीच्यांची झोप मोडतेय अशा ठिकाणी.

आणि का आले होते मरीया आणि योसेफ बेथलेहेमला? हौसेने नाही, रोमचा सम्राट औगुस्त कैसराचा हुकूम, नावनोंदणी करा. वरच्याचा हुकूम आला म्हणून दिवस भरलेली बाई चालत निघालीये. तुमच्या तालुक्यातल्या फडावर जा, बीडकडून आलेल्या एखाद्या कोयत्यात (नवरा बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात हे शहरातल्या वाचकांसाठी) हीच गोष्ट दिसेल, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलीये मग पोटुशी असली तरी यावंच लागतं.

तर पद्धत. योहान म्हणतो ‘शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली’, तिथलं मूळ ग्रीक क्रियापद तंबू ठोकण्याचं आहे. म्हणजे आमच्यात येऊन पाल टाकलं असं म्हणा, कोपी घातली म्हणा. ब्लँकेट चांगलंच आहे, थंडी मरणाची असते, पण तुम्ही जाता किती वाजता? बहुतेक सकाळी अकराला, उपासना झाल्यावर, बॅनर घेऊन. तेव्हा कोप्यांत म्हातारी आणि पोरं असतात, बाकी सगळे फडात, ते पहाटे अंधारात गेलेले असतात. यंदा संध्याकाळी जा, ते परत आल्यावर. बॅनर घरी ठेवा. पीठ, तेल, किराणा घेऊन जा आणि त्यांच्याच चुलीवर सगळ्यांचं एकत्र होऊ द्या, तुम्ही पण तिथेच बसून जेवा, पोरांची नावं विचारा, कोण शाळा सोडून आलंय ते विचारा. एक रात्र राहता आलं तर राहा, संघातल्या दोघा तिघांनी तरी. फोटोचं मग बघा तुमचं तुम्हाला काय वाटतं ते, मला वाटतं जेवून उठल्यावर ज्याच्या ताटात जेवलो त्याच्या तोंडावर कॅमेरा धरायला तुम्हालाच लाज वाटेल. आणि देणगीदार एवढ्याने तुटत असेल तर पुढच्या वर्षी माझ्याकडून पाच ब्लँकेटचे पैसे घ्या.

“२५ डिसेंबर बायबलमध्ये कुठेच नाही. माझा मेव्हणा नव्या ग्रुपमध्ये जायला लागलाय, तो म्हणतो नाताळ करणं म्हणजे मूर्तिपूजकांचा सण करणं. आमच्या घरी यंदा यावरून भांडण आहे.” – नाशिक

मेव्हण्याचं पहिलं वाक्य खरं आहे, तारीख कुठेच नाही. वर्षाचाही घोळच आहे, सहाव्या शतकात दियोनिसियस नावाच्या संन्याशाने वर्षं मोजायला घेतली आणि त्याचं गणित चुकलं, कारण हेरोद राजा इ. स. पूर्व ४ मध्येच वारला असं धरतात आणि येशू तर त्याच्या हयातीत जन्मला. म्हणजे येशूचा जन्म इसवी सनाच्या आधी काही वर्षं, ऐकायला विचित्र वाटतं पण तसंच आहे. २५ डिसेंबरचा जुना लेखी उल्लेख रोममध्ये ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगासारख्या संग्रहात सापडतो. ती तारीख कशी आली यावर दोन मतं, रोमन सूर्याच्या सणावरून किंवा मरीयेला देवदूत भेटला तो २५ मार्च धरून पुढे नऊ महिने मोजून. आर्मेनियन लोक ६ जानेवारीला करतात, रशियन ७ ला, आणि कोणाचा येशू कमी जन्मत नाही.

मेव्हण्याला हे पण सांगा की तो पहिला नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन नावाच्या कडक प्रॉटेस्टंट लोकांनी १६५९ ते १६८१ नाताळ करणाऱ्याला पाच शिलिंग दंडच ठेवला होता. आणि त्याच प्रांतातल्या बोस्टनच्या मिशन बोर्डाचे लोक पुढे १८१३ ला मुंबईत आणि १८३१ ला आमच्या नगरला आले, आता त्या नगरमधला नाताळ बघायला या म्हणावं, करंज्या, रोषणाई, कॅरोलवाली पोरं रात्री दोनला दार वाजवतायत. भांडू नका. मेव्हण्याला २६ ला जेवायला बोलवा, त्या तारखेवर त्याचा आक्षेप नसेल.

“आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगी सहा वर्षांची. सांता खरा आहे का विचारते, काय सांगू? सासूबाई म्हणतात सांता आपला नाहीच.” – ईमेलवरून

सांता कोणाचाच नाही आणि सगळ्यांचा आहे, चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी निकोलस नावाचा बिशप होता, त्याच्या गुपचूप मदतीच्या गोष्टीवरून हे सगळं वाढत वाढत लाल कोटापर्यंत आलं. खोटं सांगू नका, गोष्ट म्हणून सांगा, मुलांना गोष्ट आणि खरं यातला फरक आपल्याला वाटतो त्यापेक्षा चांगला कळतो. माझा आक्षेप वेगळाच आहे, त्याच्या त्या यादीवर. चांगल्या मुलांना गिफ्ट, वाईट मुलांना नाही, आणि आईबाप वर्षभर त्या यादीचा धाक घालतात. पवित्र शास्त्रात नेमकं उलटं आहे, रोमकरांस पत्रात, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. यादी बघून देव आला असता तर आलाच नसता. तेव्हा सांता ठेवा, यादी काढून टाका.

“ताई, मार्चमध्ये आमचा मुलगा बाईकवरून गेला. २३ वर्षांचा होता. आमच्या आळीत नाताळचा गोठा तोच करायचा, महिना महिना आधीपासून, त्यात पाणी काय, चालती पाणचक्की काय. यंदा आळीतली मुलं विचारायला आली, मी हो पण नाही म्हटलं, नाही पण नाही. बायको म्हणते घरावर स्टार लावायचा नाही. एकाने मिस्सानंतर सांगितलं देवाची इच्छा होती. मी चर्चला जातो पण ‘देवाने एवढी प्रीती केली’ वाचलं की माझं डोकं फिरतं. त्याचा मुलगा तीन दिवसांनी परत आला, माझा कुठेय? तुम्ही छापलं नाही तरी चालेल.” – वसई

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि दोन दिवस उत्तर लिहिलं नाही.

देवाची इच्छा होती असं तुम्हाला ज्याने सांगितलं त्याला दुसरं काही सुचलं नसेल, म्हणून सोडून द्या, पण ते खरं मानू नका. मला नाही सापडत पवित्र शास्त्रात असं की तेवीस वर्षांच्या पोराने रस्त्यावर जावं ही देवाची इच्छा असते. मित्र लाजराच्या कबरीपाशी येशू गेला तेव्हा त्याला ठाऊक होतं की पुढच्या दहा मिनिटांत आपण याला उठवणार, तरी तो रडला. देवाची इच्छा होती असं तो लाजराच्या बहिणीला, मार्थेला, म्हणाला नाही.

आणि तुम्ही म्हणता ते वाक्य वाचवत नाही तर नका वाचू यंदा. नाताळच्या कथेतलाच दुसरा एक तुकडा आहे जो आपण गोठ्यात कधी मांडत नाही. मत्तयाचा दुसरा अध्याय. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, भेट देऊन गेले, आणि हेरोदाने बेथलेहेमातली दोन वर्षांच्या आतली पोरं मारली, आणि तिथे लिहिलंय, राहेल (इस्राएली लोकांची पूर्वज आई) आपल्या मुलांसाठी रडतेय आणि सांत्वन करून घेईना, कारण ती नाहीत. सांत्वन करून घेईना! तिला कोणी दटावत नाही, विश्वास कमी पडला म्हणत नाही. मत्तयाने त्याचं उत्तरही दिलेलं नाही, नुसतं लिहून ठेवलं. तुमच्याकडे, कॅथॉलिकांत, २८ डिसेंबरला त्या बाळांचा सण असतो, नाताळाला लागूनच. कधीकधी मला वाटतं ज्यांनी कॅलेंडर लावलं त्यांच्या घरात पण कोणीतरी गेलेलं असणार.

तुमचा मुलगा कुठे आहे याचं मी जे मानते ते तुम्ही पण मानता, तेच प्रार्थनेत म्हणता, त्यामुळे ते परत इथे लिहून तुमच्या तोंडावर फेकत नाही. तुम्ही त्या विश्वासाबद्दल विचारलेलंच नाही, तो आत्ता हाताला का लागत नाही हे विचारलंय. मला माहीत नाही. वर मी वडिलांचं लिहिलंय ना, त्यांच्या येण्याने ताप उतरला नव्हता. तेवढंच मला येतं.

स्टारचं बायकोवर सोडा. तिने नाही म्हटलं तर नाही, आणि २४ ला रात्री तिचं मन बदललं तर हाताशी असावा म्हणून वायर नीट आहे का तेवढं बघून ठेवा. गोठ्याचं, आळीतल्या पोरांना सामान माळ्यावरून काढून द्या, पण तुम्ही उभं राहून करू नका. पाणचक्की कशी जोडायची ते त्यांना येत नसेल तर ते येतीलच विचारायला, तेव्हा वाटलं तर सांगा. मध्यरात्रीच्या मिस्साला गर्दीत जाववणार नाही तुम्हा दोघांना, सकाळच्या कोणत्यातरी लहान मिस्साला मागच्या बाकावर बसा, मधेच उठून गेलात तरी कोणी बघत नाही.

संपादकांकडून तुमचा नंबर घेतलाय, चालेल ना. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी विरारला बहिणीकडे येतेय, तिथून तुमचं घर रिक्षाने अर्धा तास आहे म्हणे. मी येते. काही करू नका, चहा ठेवा, आणि त्याचे गोठ्याचे फोटो असतील तर काढून ठेवा, मला ती पाणचक्की बघायचीये.